चिक चॉकलेट : हळदोण्याचा ट्रम्पेटवाला

लग्नसराईत आपल्या राजापुरात जवाहर चौकातून वरात निघाली की बँडच्या पुढच्या रांगेत एक माणूस पितळी वाद्य वाजवत चालत असतो. तीन कळा, पुढे फुलासारखं उमललेलं तोंड. आपण सरसकट त्याला पिपाणी म्हणून मोकळे होतो. खरं तर ते असतं ट्रम्पेट, नाहीतर त्याचं जरा बुटकं भावंड कॉर्नेट. याच वाद्यावर सगळं आयुष्य काढलेल्या, एके काळी मुंबईत गाजलेल्या एका कलावंताची आज ओळख करून घेऊ. त्यांचं खरं नाव अंतोनियो शावियर वाझ. जग त्यांना ओळखायचं ते चिक चॉकलेट या नावानं.

नाव ऐकून वर्गात हसू फुटणार हे मला ठाऊक आहे. हसून घ्या. ते नाव कसं पडलं ते पुढे येईलच.

आधी वाद्य समजून घेऊ

पोलीस परेडला बिगुल वाजतो तो आठवा. त्याला एकही कळ नसते. वाजवणारा फक्त ओठ आवळून किंवा सैल सोडून आवाज बदलतो, आणि म्हणून त्यातून चारपाच ठरावीक सूरच निघतात. आपल्या तुतारीचंही तसंच. आता या नळीत तीन कळा बसवल्या की काय होतं? कळ दाबली की हवा जरा लांबच्या वळशानं जाते. नळी जणू लांब होते आणि सूर खाली उतरतो. मधली कळ अर्धा सूर उतरवते, पहिली एक पूर्ण सूर, तिसरी दीड सूर. या तीन कळांच्या जोड्या लावून मधले सगळे सूर मिळतात. म्हणजे पेटीसारखी एका सुराला एक पट्टी असा प्रकार इथे नाही. कळ बोटांनी दाबायची, पण त्या कळेवरचा नेमका कोणता सूर हवा ते ओठांनी ठरवायचं. म्हणूनच हे वाद्य शिकायला वेळ लागतो, आणि चार दिवस रियाज सुटला की ओठ लगेच दगा देतात.

कॉर्नेट आणि ट्रम्पेट यांच्या कळा सारख्याच. कॉर्नेटची नळी आतून हळूहळू रुंद होत जाते, त्यामुळे त्याचा आवाज जरा गोल, मऊ येतो. ट्रम्पेटचा आवाज धारदार. जॅझ नावाचं संगीत अमेरिकेत जन्मलं तेव्हा सुरुवातीचे मोठे वादक कॉर्नेटवालेच होते. लुई आर्मस्ट्राँग यांचंच घ्या. १९०१ साली न्यू ऑर्लिन्स शहरात अत्यंत गरीब कृष्णवर्णीय घरात त्यांचा जन्म झाला. सुधारगृहात असताना ते कॉर्नेट शिकले आणि पुढे ट्रम्पेटकडे वळले. हे नाव लक्षात ठेवा. आपल्या गोष्टीत ते सारखं येणार आहे.

आणि जॅझ म्हणजे काय? एक धून सगळ्यांना माहीत असते. ती एकत्र वाजवून झाली की एकेक वादक पुढे येतो आणि त्याच धुनेवर जागच्या जागी स्वतःचं काहीतरी रचत जातो. आपल्या कोकणातल्या पोरांना हे समजावायला फार कष्ट नकोत. डबलबारीच्या भजनात एका बुवांनी काहीतरी टाकलं की दुसरे बुवा तिथल्या तिथे त्याला जबाब देतात ना, पखवाजवालाही मग चेवानं हात उचलतो, तसलाच हा मामला. फरक सुरांचा आणि तालाचा.

गोव्याचं बालपण

अंतोनियोचा जन्म १९१६ चा. गाव हळदोणे, बार्देस तालुका. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं. गोव्यातल्या ख्रिस्ती मुलांसाठी चर्चच्या शाळा असत, आणि तिथे प्रार्थनेबरोबर संगीतही शिकवलं जाई. शिकवणाऱ्याला मेस्त म्हणत. मेस्त कडक. आधी सूर वाचायचे, मग म्हणायचे, मग व्हायोलिन नाहीतर आणखी काही हातात. पाच रेघांवर ठिपके मांडून लिहिलेलं संगीत वर्तमानपत्र वाचावं तसं वाचणारी मुलं या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडत होती. शिवाय चर्चमध्ये गाताना सगळे एकच चाल म्हणत नसत. चार गट चार वेगवेगळ्या ओळी धरत आणि त्या एकमेकींत मिसळत. याला हार्मनी म्हणतात. आपलं संगीत एका चालीवर उभं असतं, त्यामुळे हा प्रकार आपल्याकडे नव्हता. पुढे हिंदी सिनेमाला या गोष्टीची केवढी गरज पडली ते बघूच.

अंतोनियोच्या आईला मात्र मुलानं मेकॅनिक व्हावं असं वाटत होतं. हातात हुन्नर, महिन्याला पगार. तिचं काय चुकलं? वाजवून पोट भरतं यावर आपल्याकडची कुठली आई विश्वास ठेवील? पण पोराच्या डोक्यात संगीताशिवाय दुसरं काही शिरायलाच तयार नव्हतं. लहान मुलांच्या ‘स्पॉटलाइट्स’ नावाच्या एका बँडमध्ये त्यानं सुरुवात केली. आई लाडानं त्याला चिको म्हणायची, म्हणजे छोटू. त्या चिकोचं पुढे चिक झालं.

मुंबई आणि कूड

गोव्यात शेती थोडी आणि वाजवणारे फार. म्हणून ही मुलं मुंबई गाठत. आपल्या राजापूर तालुक्यातलीही माणसं त्याच काळात मुंबईला निघत होती. मुसाकाजीला बोटीत बसायचं आणि गिरणगाव गाठायचं. गोव्याहून सुटणाऱ्या बोटी याच किनाऱ्याच्या कडेकडेनं मुंबईला जात. आपल्या चाकरमान्यांसाठी परळ-लालबागला गावकऱ्यांच्या खोल्या असायच्या, एका खोलीत वीसवीस जण, ट्रंकेवर ट्रंक. तशाच गोंयकारांच्या होत्या. त्यांना कूड म्हणत. धोबीतलावच्या आसपास अशा कितीतरी कुडी होत्या, बऱ्याचशा गावागावांच्या नावानं. बोटीवर खलाशी म्हणून जाणारा, हॉटेलात स्वयंपाकी म्हणून राबणारा आणि व्हायोलिनची पेटी उशाला घेऊन झोपणारा, सगळे तिथेच. काम मिळेपर्यंत भाडं थोडं, जेवण साधं आणि संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना चुकवायची नाही.

वाजवणाऱ्यांना कामं होती. मूकपटांच्या काळात पडद्यासमोर बसून वाजवायला माणसं लागत. लग्नं, क्लब, हॉटेलं होतीच. पण वरच्या दर्जाच्या हॉटेलांत मानाची जागा बहुधा परदेशी बँडला मिळे.

१९३५ साली ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वादकांचा एक जॅझ बँड आला. त्याचे प्रमुख लिऑन अॅबी. हे वादक युरोपात, खासकरून पॅरिसमध्ये नाव कमावून इकडे आलेले. स्वतःच्या देशात त्यांना गोऱ्यांच्या शेजारी बसता येत नव्हतं. पॅरिसनं आणि नंतर मुंबईनं त्यांना मंच दिला. त्यांच्यामागून क्रिकेट स्मिथ नावाचे ज्येष्ठ कॉर्नेटवादक आले (खेळाशी संबंध नाही, नावच तसं) आणि टेडी वेदरफर्ड हे पियानोवादक आले. १९३६ साली स्मिथ यांच्या बँडनं ताजमहालच्या नावाचा एक फॉक्सट्रॉट मुंबईत ध्वनिमुद्रितही केला. या मंडळींच्या बँडमध्ये हळूहळू गोव्याच्या तरुणांना जागा मिळू लागली. फ्रँक फर्नांड हे त्यातलेच एक. कागदावरचं तर गोव्याच्या पोरांना येतच होतं. कागदावर नसलेलं कसं वाजवायचं, सूर जरा वाकवायचा कसा, ताल जरा मागे रेंगाळू द्यायचा कसा, हे या अमेरिकन वादकांकडून शिकायला मिळालं. मेस्तची शाळा पुरी झाली होती, आता ही दुसरी.

नक्कल

चिक यांचे गुरू मात्र हजारो मैलांवर होते. आर्मस्ट्राँग. रेकॉर्ड लावायची, ऐकायची, वाजवायची, पुन्हा लावायची. नुसतं वादन उचललं असंही नाही. तो घोगरा आवाज, डोळे फिरवणं, हातात पांढरा रुमाल, ट्रम्पेट वर उचलून शेवटचा उंच सूर धरणं, सगळंच. लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. मंचावरच्या नावात चॉकलेट आलं तेही या ढंगाला साजेसंच. तेव्हाच्या मुंबईत अंतोनियो वाझचा बँड या नावाला कोणी तिकीट काढलं नसतं बहुधा. आपल्यातल्याच माणसाला परक्याचा वेष घातल्यावर टाळ्या मिळायच्या, असा तो काळ. आता तरी तो सरला आहे का, हे तुमचं तुम्हीच ठरवा.

नक्कल म्हटली की आपण नाक मुरडतो. मी स्वतः वर्गात कॉपी करणाऱ्याला उभा करतो. पण संगीतातली नक्कल वेगळी असते. गुरूसमोर बसून शिष्य काय करतो? तंतोतंत तेच म्हणतो, वर्षानुवर्षं. चिक यांच्यापुढे गुरू नव्हता, तबकडी होती, एवढाच फरक. आणि तबकडी चूक दाखवत नाही. कुठे चुकलं हे स्वतःच ओळखावं लागतं. ते ओळखण्याइतका कान मेस्तच्या शाळेनं तयार केला होता.

१९४० च्या दशकाच्या मध्याला चिक यांचा स्वतःचा अकरा जणांचा बँड तयार झाला. नाव ‘चिक अँड द म्युझिक मेकर्स’. ताजच्या शेजारी ग्रीन्स नावाचं हॉटेल होतं, आज ताजची उंच इमारत उभी आहे त्या जागेवर. तिथलं काम कोणाला द्यायचं यासाठी स्पर्धा झाली. चिक यांच्या बँडनं बाकीच्या बँडना मागे टाकून ते काम मिळवलं. नंतर ताजमध्येही ते वाजवत राहिले. परदेशी बँडमधली एखादी खुर्ची मिळण्यात धन्यता मानणाऱ्यांच्या मुलखातून आलेला माणूस आता स्वतःच्या नावानं बँड चालवत होता.

दारूबंदी आली आणि

स्वातंत्र्य मिळालं. इंग्रज गेले, त्यांच्याबरोबर हॉटेलातलं अर्धं गिऱ्हाईकही गेलं. मग १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० पासून राज्यात पूर्ण दारूबंदी झाली. दारूबंदी बरी की वाईट हा आजचा विषय नाही. पण रात्रीच्या नाचगाण्यावर पोट असणाऱ्या वादकांचं काय झालं असेल याचा विचार करा. त्यांना वाचवलं ते सिनेमानं. दिवसा स्टुडिओ, रात्री उरलंसुरलं हॉटेल, अशी धावपळ सुरू झाली.

इथे आपल्या गोष्टीत एक मराठी माणूस येतो. रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे संगीतकार सी. रामचंद्र. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. चालीची विलक्षण देणगी आणि पाश्चात्त्य ठेक्याची भारी ओढ. १९४७ च्या ‘शहनाई’त त्यांनी ती दाखवून दिलीच होती. पण चाल सुचणं वेगळं आणि तिच्याभोवती तीसचाळीस वाद्यांचा मेळ उभा करणं वेगळं. त्यासाठी चिक चॉकलेट त्यांचे सहाय्यक झाले.

हे काम नेमकं कसं चालायचं ते बघा. संगीतकार पेटीवर चाल म्हणून दाखवणार. सहाय्यक ती कागदावर उतरवणार. मग गाण्याच्या आधीचा तुकडा, दोन कडव्यांमधली जागा, गाणाऱ्याच्या मागून हळूच चालणारे सूर, हे सगळं भरायचं. ट्रम्पेटनं कुठे यायचं, सॅक्सोफोननं कुठे, व्हायोलिनं केव्हा उठायची, हे ठरवून प्रत्येक वादकाला त्याच्या वाट्याचा कागद लिहून द्यायचा. कागद वाचू शकणारे वादक बहुतेक गोव्याचे. तबला, ढोलक, सतार वाजवणारे कागद न वाचता कानानं उचलणारे. दोघांची गाठ घालून द्यायची तीही सहाय्यकानंच. आजच्यासारखं तुकड्यातुकड्यानं ध्वनिमुद्रण तेव्हा नव्हतं. गायक आणि सगळा ताफा एकाच वेळी एकाच खोलीत. शेवटच्या ओळीत एकाची चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. ट्रम्पेटचा आवाज मोठा म्हणून त्याला माइकपासून लांब, मागे उभं करायचं.

मागे उभं राहून वाजवायचं. या माणसांच्या आयुष्याकडे बघताना मला ते उभं राहणंच आठवत राहतं.

अलबेला

१९५१ साली भगवानदादांचा ‘अलबेला’ आला. भगवान आबाजी पालव यांना ओळखत नाही असं घर आपल्याकडे सापडणार नाही. गणपतीच्या मिरवणुकीत खांदे उडवत, एक पाय पुढे टाकत जो नाच आपण सगळेच करतो तो त्यांचा. नायिका गीता बाली. संगीत सी. रामचंद्र यांचं, आणि भगवानदादांसाठी गायलेही तेच, चितळकर या नावानं. या चित्रपटातल्या गाण्यांत क्यूबाकडचे ठेके आहेत, खुळखुळ्यासारखी माराकास आहेत, बाँगो आहेत, आणि वरून ट्रम्पेटचा लखलखीत पट्टा. तरी चाल ऐकली की ती आपलीच वाटते. गिरणीतला कामगार आणि ताजमध्ये नाचणारा साहेब, दोघांनाही पाय थिरकवायला लावील असं हे मिश्रण होतं, आणि ते बनवणारे होते पुणतांब्याचे चितळकर, हळदोण्याचे वाझ आणि परळ-दादरच्या गिरणी वस्तीत वाढलेले पालव.

‘अलबेला’त चिक आणि त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो, झालरीचे शर्ट घालून. एरवी मागे उभी राहणारी माणसं एकदा पुढे आली ती अशी.

गोव्याच्या वादकांचा हा ठसा सी. रामचंद्र यांच्या इतर कामातही दिसतो. १९५७ च्या ‘आशा’ चित्रपटातलं ते निरर्थक शब्दांचं धमाल गाणं तुमच्या आजीआजोबांना विचारा. त्यात मला नको या अर्थाचे कोंकणी शब्द घुसले आहेत, आणि ते त्यांचे दुसरे गोमंतकीय सहाय्यक जॉन गोम्स यांच्यामुळे आले असं सांगितलं जातं. मालवणी बोलणाऱ्याला ते शब्द पटकन कळतात. बाकी देश मात्र त्याला गंमत समजून नाचला.

स्वतःचं संगीत

चिक चॉकलेट यांनी स्वतंत्र संगीतकार म्हणूनही चित्रपट केले. १९५१ चा ‘नादान’, त्यात देव आनंद आणि मधुबाला. १९५२ चा ‘रंगीली’. १९५६ चा ‘कर भला’, निसार बज्मी यांच्याबरोबर. ‘नादान’मध्ये तलत महमूद यांनी गायलेलं गाणं जरूर ऐका. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ट्रम्पेटची वाट बघत बसलो होतो. निघालं भलतंच. हळुवार, जपून पावलं टाकणारं. आर्मस्ट्राँगची नक्कल करणाऱ्या माणसाच्या आत असलं काही दडलेलं असेल अशी कल्पना नव्हती. पण संगीतकार म्हणून त्यांचा जम बसला नाही. चित्रपट मोजकेच राहिले आणि ते पुन्हा बँडकडे आणि दुसऱ्यांच्या गाण्यांकडे वळले. मदन मोहन यांच्यासाठीही त्यांनी सहाय्यक म्हणून काम केलं.

श्रेयाचं म्हणाल तर त्या काळच्या तबकडीवर चित्रपटाचं नाव असे, गाणाऱ्याचं असे, संगीतकाराचं असे. वाजवणाऱ्यांची नावं नसत. वाद्यांचा मेळ कोणी लिहिला हेही नसे. वादकांना दिवसाचे पैसे मिळत आणि विषय संपे. ज्या चाळीस सेकंदांच्या तुकड्यावर आपण आजही गाणं ओळखतो, तो कोणाचा हे शोधायला आता अभ्यासकांना जुन्या वादकांची घरं धुंडाळावी लागतात. चिक यांचं नाव निदान टिकलं. मजेशीर होतं म्हणूनही असेल. त्यांच्या शेजारी उभे राहून वाजवणाऱ्या कित्येकांचं तेवढंही टिकलं नाही.

वर सरकारची नाराजी. १९५२ साली माहिती व नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांना चित्रपटसंगीतातली ही पाश्चात्त्य भेसळ मुळीच मान्य नव्हती. आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपारच झाली. गंमत अशी की केसकर स्वतः पॅरिसमध्ये शिकलेले, म्हणजे ज्या शहरानं जॅझला डोक्यावर घेतलं तिथेच. शास्त्रीय संगीताला त्यांनी मोठा आधार दिला हे खरं, आणि त्याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत. पण श्रोत्यांनी काय केलं? रेडिओचा काटा सिलोनकडे फिरवला आणि तीच गाणी तिथून ऐकली.

आणखी एक गोष्ट इतिहासाच्या तासाला जोडून घ्या. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. म्हणजे ‘अलबेला’च्या गाण्यांवर सगळा देश नाचत होता तेव्हा त्यात वाजवणाऱ्या बऱ्याच जणांचं गाव परक्या राज्यात होतं. १९५५ मध्ये तर गोव्याकडे जाणारी रेल्वेही बंद झाली. गावचं फेस्त असो की घरातलं मयत, जाणं अवघड. पाऊस झाल्यावर घाटात अडकलेल्या एसटीत आपण चडफडतो, तिथे वर्षानुवर्षं वाट अडलेली.

शेवट

साठच्या दशकात तरुणांना गिटारचं वेड लागलं. चौघं पोरं, तीन गिटार आणि एक ड्रम, एवढ्यावर बँड उभा राहू लागला. अकरा जणांचा ताफा पोसणं हॉटेलांना महाग पडायला लागलं. चिक वाजवत राहिले. मे १९६७ मध्ये त्यांचं निधन झालं. वय अवघं ५१. त्यांची शवपेटी खांद्यावर घेणाऱ्यांत त्यांच्या बरोबरीनं वाजवलेले वादक होते. पेटीत, त्यांच्या छातीवर, त्यांचं ट्रम्पेट ठेवलेलं होतं.

आता तुमच्यासाठी काम. घरी मोबाइलवर ‘अलबेला’ लावा. भगवानदादांकडे बघायचा मोह होईल, तो एका गाण्यापुरता आवरा आणि मागचा बँड बघा. झालरीच्या शर्टातले वादक दिसतील. त्यांच्यात ट्रम्पेट कोणाच्या हातात आहे ते शोधा, आणि तो वाजायला लागला की डोळे मिटून मोजा, गाणाऱ्याच्या ओळींमध्ये तो किती वेळा येतो ते. वहीत लिहून आणा. सोमवारी वर्गात बघू कोणाचा आकडा किती येतो ते.